बिंगवर कोल्हापुरी चपलांची जाहिरात: माझा अनुभव
आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान, निम्मं गिऱ्हाईक परदेशातलं. गूगलवर ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधल्यावर आपली जाहिरात दिसावी म्हणून सगळेच बोली लावतात, म्हणून दिवाळीआधी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅडव्हर्टायझिंग धरलं; ही मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर जाहिराती देण्याची सेवा. गूगल अ‍ॅड्समधली जाहिरात मोहीम इथं थेट आयात होते. चहा निवेपर्यंत माझं काम उरकलं. मात्र नंतर रोजचं बजेट आणि जाहिरात दिसायची ठिकाणं स्वतः तपासाच. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीपासूनच असतं, त्यामुळे ऑफिसातल्या संगणकावरून शोधणारी माणसं इथं भेटतात. न्यू जर्सीतल्या एका ताईंनी घरच्या लग्नासाठी एकदम १२ जोड मागवले! बिंग वापरणारे गूगलपेक्षा फारच कमी, म्हणून क्लिक मोजकेच. पण मला प्रत्येक क्लिक स्वस्त पडला. आमच्या गल्लीतलं अजून कुणी इथं नाही. तोवर मी बजेट वाढवतोय.