इंदिरा संतांच्या कविता: नऊ महिने उशाशी ठेवल्यावर

ग्वाल्हेरच्या मराठी घरात प्रेमकविता म्हणजे तांबे. भा. रा. तांबे इथले राजकवी, १९४१ मध्ये इथेच वारले. आमच्या सासऱ्यांना ते इतके पाठ की भाजी निवडतानाही त्यांचं गुणगुणणं चालू असायचं. त्यामुळे ऑक्टोबरात जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाकडून इंदिरा संतांचे ‘शेला’, ‘मेंदी’ आणि ‘रंगबावरी’ हे संग्रह मागवले, तेव्हा मला तसाच गोडवा हवा होता.

आधी तक्रारी. पॅकिंग भिकार, ‘शेला’ची पाच पानं सुटून हातात आली. शिवाय सलग वाचत गेलं की चौथ्या-पाचव्या कवितेनंतर सगळं एकसारखं वाटायला लागतं. पहिला महिना त्यातच गेला. मग रोज एकच कविता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, असं ठरवलं आणि जमलं. मैफलीत म्हणून वाहवा मिळवायची असेल तर तांबेच बरे.

डिसेंबरात, धुक्यानं बाडा, म्हणजे इथला मोठा चौकसुद्धा दिसेनासा झाला होता तेव्हा, एका संध्याकाळी तिन्ही पुस्तकं पलंगावर शेजारी शेजारी पडली होती आणि नुसती नावं वाचली. शेला. मेंदी. रंगबावरी. ही सगळी सवाष्णीची लेणी! इंदिराबाईंचा जन्म १९१४ चा. ‘सहवास’ हा पहिला संग्रह १९४० मध्ये ना. मा. संतांबरोबर, नवरा-बायकोच्या कविता एकत्र. १९४६ मध्ये ना. मा. गेले. बाई बत्तिसाव्या वर्षी विधवा, पदरी लहान मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी. त्या काळी हाताला मेंदी लावली असती तर शेजारपाजाऱ्यांनी काय काय म्हटलं असतं! ती १९५५ मध्ये पुस्तकाच्या नावात आली, ‘शेला’ त्याआधीच, १९५१ मध्ये. हे मुद्दाम केलं की नाही कोण जाणे, पण मला ते योगायोगासारखं वाटत नाही.

तेव्हापासून कविता वेगळ्याच वाचल्या जाऊ लागल्या. ‘विरहाची कवयित्री’ हा शिक्का मला आता चीड आणतो. विरहात माणूस परत यायची आशा असते. इथे ‘तू’ आहे, पण तो उत्तर देणार नाही हे बोलणारीला पक्कं ठाऊक आहे, तरी बोलणं थांबत नाही. नवकविता म्हटलं की आपण मर्ढेकरांच्या पिंपातल्या उंदरांच्या कवितेवर जातो. पण एका विधवेनं, तांब्यांसारखं कुणा नववधूच्या आडून नव्हे, ‘मी’ म्हणून ओढीबद्दल लिहावं, तेही कमी शब्दांत, आवाज न चढवता, हेही तितकंच नवं होतं.

मे महिन्यात, लू सुटलेली असताना, कूलरपुढे ‘नको नको रे पावसा’ वाचणं म्हणजे थट्टाच. आम्ही इथे पावसाच्या हातापाया पडतो आणि बाई त्याला दटावतात. मग शेवटी हळूच त्यालाच गळ घालतात, वाटेवरच्या सख्याला माघारी आण म्हणून. त्या ओळीवर मला १९४६ आठवलं आणि दोन शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचा लगदा झाला.

सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली. नणंदेच्या मुलीच्या लग्नात सासूबाईंनी मेंदीसाठी हात पुढे केला नाही, मीही आग्रह धरला नाही. मागच्या आठवड्यात ‘मेंदी’ त्यांच्या चष्म्याच्या घराखाली सापडलं. मी ते तसंच राहू दिलंय आणि इंदिराबाईंचंच ‘मृगजळ’ मागवलंय, या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून.