सहा बाय दोन बाय दोन: मोठ्या समुद्री माशांना ही टाकी कुठवर पुरते?

मोठे समुद्री मासे ठेवायचे म्हटलं की विक्रेता बहुधा याच टाकीकडे बोट दाखवतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे १८३ × ६१ × ६१ सेंटीमीटर. १२ मिलिमीटरची काच, वरच्या कडेला आधाराच्या पट्ट्या, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ओव्हरफ्लोचे डबे (वरचं जादा पाणी यांत पडून पाइपने खाली जातं) आणि खाली सम्प, म्हणजे ते पाणी गोळा होणारी दुसरी छोटी टाकी. मत आधीच सांगून टाकतो: टाकी चांगली आहे, पण ज्या माशांची नावं घेऊन ती खपवली जाते त्यातल्या बऱ्याच जणांसाठी ती नाही.

लेबलवर ६८० लिटर लिहिलेलं असतं. तो निव्वळ बाहेरच्या मापांचा गुणाकार. काचेची जाडी, वर मोकळे सोडलेले चार-पाच सेंटीमीटर, ओव्हरफ्लोचे डबे, दगड आणि वाळू वजा केली की टाकीत प्रत्यक्ष पाणी साडेपाचशे लिटरच्या आसपास राहतं. पाण्यात काहीही मोजून टाकताना लेबलचा आकडा धरलात तर मात्रा जवळजवळ पावपट जास्त पडते. भरताना बादल्या मोजा आणि सम्पसकट खरा आकडा स्टँडच्या दारावर आतून लिहून ठेवा.

या मापाचा खरा गुण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. याच लांबीची अरुंद, उंच ‘शो’ टाकी मिळते, १८३ × ४६ × ७६ची. लिटर जवळपास तितकेच, आणि दिवाणखान्यात ती जास्त रुबाबदार दिसते हे खरंच. पण तिचा पृष्ठभाग ०.८४ चौरस मीटर, हिचा १.१२. प्राणवायू पाण्यात मिसळतो तो याच पृष्ठभागातून, आणि मोठा मासा तो भराभर संपवतो. शिवाय ७६ सेंटीमीटर खोल टाकीच्या तळाशी सरळ हात पोचत नाही. तळाला पडलेला कोळंबीचा तुकडा काढायला दर वेळी चिमटा शोधावा लागतो, मग आळस होतो आणि तो तिथेच कुजतो. या दोनमधून निवडायचं असेल तर विचार करायची गरज नाही, रुंद टाकीच घ्या.

अडचण त्या रुंदीतच आहे. आतून ती साडेअठ्ठावन्न सेंटीमीटर भरते. सवयीप्रमाणे मागच्या काचेला दगडांची भिंत लावली की वीस सेंटीमीटर गेले, उरले अडतीस. निसर्गात ४० सेंटीमीटरपर्यंत वाढणारा एम्परर एंजल तिथे अंग मुडपल्याशिवाय वळू शकत नाही. म्हणून लिटर मोजण्याआधी हा हिशोब करा: दगड सोडून उरलेली रुंदी माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीच्या दीडपट तरी हवी. दगड भिंतीसारखे न रचता दोन टोकांना दोन ढीग केले, तर मधला पट्टा पूर्ण रुंदीचा मोकळा राहतो आणि भांडखोर माशांना एकमेकांच्या नजरेआड जाताही येतं. ढीग मात्र थेट तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर घाला. ट्रिगरफिश वाळू उकरतात, आणि वाळूवर रचलेला दगड कधीतरी घसरून काचेवर येतो.

या हिशोबात कोण बसतं? येलो टँग (२० सेंटीमीटर), फॉक्सफेस (२५ च्या आत), पिकासो ट्रिगर (निसर्गात ३०, टाकीत सहसा कमी). व्होलिटन्स लायनफिश ३८ पर्यंत जातो, पण तो दिवसभर एका जागी तरंगणारा गडी असल्यामुळे निभतो. त्याच्या तोंडात मावेल असा सोबती तेवढा ठेवू नका. स्नोफ्लेक ईलही सुखाने राहतो, फक्त झाकण घट्ट हवं आणि ओव्हरफ्लोच्या दातांवर (डब्याच्या वरच्या कडेच्या खाचांवर) जाळी हवी, नाहीतर एक दिवस तो सम्पमध्ये सापडेल. ब्लू टँग ३० सेंटीमीटरचा होतो आणि सतत पळत असतो. त्याच्यासाठी सहा फूट ही अगदी खालची मर्यादा.

नेसो टँग (४५), क्लाउन ट्रिगर (५०), पँथर ग्रूपर (७०) आणि बॅम्बू शार्क (मीटरभर) यांना ही टाकी नको. दुकानात हे सगळे बोटाएवढे असतात. पँथर ग्रूपरचं पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं पिल्लू तर इतकं गोंडस दिसतं की त्याच्या पायी भलेभले फसतात. ‘इंचाला अमुक लिटर’ हे सूत्र इथे कुचकामी आहे, कारण लांबी चौपट झाली की वजन सुमारे चौसष्टपट होतं. १० सेंटीमीटरचं पिल्लू ४० चं झालं की त्याचं खाणं, विष्ठा आणि अमोनिया यांचा भार चौपटीच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ असं कोणी सांगितलं तर त्या दुकानातून मासा घेऊ नका. अपुऱ्या जागेत वाढ खुंटते ती मासा आजारलेला असतो म्हणून. आखूड टाकीतला टँग एकाच काचेपाशी तासन्‌तास वर-खाली करत राहतो, आणि अशा ताणात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो.

आता पाइपांकडे वळू, कारण टाकी बरोबर निवडूनही पाणी जमिनीवर येतं ते इथून. ओव्हरफ्लोच्या प्रत्येक डब्यातला एक इंची ड्रेन, म्हणजे पाणी खाली नेणारा पाइप, ताशी सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी आरामात उतरवतो, दोन्ही मिळून साडेचार हजार. सम्पमधून ताशी तीन ते साडेतीन हजार लिटर फिरवले की पुरे, प्रवाहासाठी टाकीत वेगळे पंप लावा. वीज गेली की टाकीतलं पाणी दातांच्या पातळीपर्यंत सम्पमध्ये उतरतं, दर सेंटीमीटरला साधारण साडेदहा लिटर. सम्पमधलं पाणी परत टाकीत आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या दहा सेंटीमीटर खाली असेल तर उलटा सायफन बसून शंभरावर लिटर खाली येतात. तोंड पृष्ठभागाच्या अगदी लगत ठेवा किंवा पाण्याच्या पातळीशी पाइपला छोटं भोक पाडा, आणि ते भोक शेवाळाने बुजत नाही ना हे बघत राहा. सम्पमध्ये ५० लिटरची जागा कायम रिकामी हवी. पहिल्यांदा भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढतं ते पाहा आणि त्यावरून चालू पातळीची खूण करा. हीटर सम्पमध्येच ठेवा, कारण ट्रिगर आणि पफर त्याची काच फोडतात, वायर चावतात. स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मात्र लेबलवर टाकीच्या दुप्पट क्षमता लिहिलेला घ्या.

पाणी बदलण्याचं गणित सोपं आहे. सम्प धरून ७०० लिटर, लिटरला ३७ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीला २६ किलो. पुढे पंधरवड्याला १५ टक्के बदललं तर दर वेळी १०५ लिटर पाणी आणि चार किलो मीठ. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना आरओचं गोडं पाणीच घाला.

वजन स्टँड आणि सम्पसकट टनाच्या घरात जातं, तेही सव्वा चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. घरातल्या खोल्यांची जमीन सहसा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून आखलेली असते. तळमजल्याच्या वर ठेवणार असाल तर तुळई कुठून गेली आहे ते बघा आणि टाकी भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवा. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, विक्रेत्याला नको.

याहून मोठी घ्यायची तर पुष्कळजण आठ बाय दोन बाय दोन घेतात. नेसोसारख्या पळणाऱ्या माशांना ती लांबी उपयोगी पडते. एम्परर एंजल किंवा क्लाउन ट्रिगरला तिचा फारसा फायदा नाही, रुंदी तीच राहते. त्यांच्यासाठी सहा बाय तीन बाय दोन बनवून घ्या, हजार लिटरची. पँथर ग्रूपरला तीही अपुरी, त्याचा नाद सोडलेलाच बरा. तीन फूट रुंदीची टाकी बहुतेक दारांतून आडवी जात नाही, कुशीवर उभी करून न्यावी लागते. ऑर्डर देण्याआधी दाराची चौकट, जिन्याचं वळण आणि लिफ्टचा कर्ण मोजून घ्या.