परदेशात राहायचं तर कुठल्या देशात? धरमपेठेतल्या एका सल्ला-ऑफिसचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. पहिल्या बैठकीला पाच आणि त्यानंतर खालच्या मजल्यावर जे सुरू होतं त्याला दोन, अशी ती सरासरी आहे.

ऑफिसचं नाव देत नाही. पुढे तक्रार आहे, आणि ज्या मॅडमनं आम्हाला दोन तास बसवून नीट समजावलं तिची नोकरी तिथेच आहे. नागपुरात अशी ऑफिसं आता शंकर नगरपासून सदरपर्यंत गल्लोगल्ली झालीत, पण बहुतेकांना बारावी किंवा इंजिनिअरिंग झालेली पोरं हवी असतात. चाळिशीला टेकलेलं, घराचे हप्ते फेडणारं जोडपं दारात दिसलं की ते ब्रोशर हातात देऊन मोकळे होतात. इथे मात्र फोनवरच विचारलं, "घरात निर्णय कोण कोण घेते? सगळ्यांना घेऊन या." म्हणून सासूबाईही आल्या.

आमची माहिती देते, म्हणजे पुढचं कळेल. मी ३९ वर्षांची, बीएस्सी करून डीएमएलटी हा लॅबच्या कामाचा डिप्लोमा केला, धंतोलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. नवरा ४३ चा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, बुटीबोरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. मुलगी आठवीत. सासूबाई ७१ वर्षांच्या आणि त्यांच्याशिवाय कुठेही जायचं नाही, एवढं एकच आमचं आधीपासून ठरलेलं.

बैठकीचे १,५०० रुपये. आधी फॉर्म देतात. त्यात प्रत्येकानं आपला आवडता देश लिहायचा, दुसऱ्याचं न बघता. नवऱ्यानं जपान लिहिलं, कारण रेल्वे. पोरीनं कोरिया लिहिलं. कारण विचारायची गरज नव्हती. मी न्यूझीलंड. सासूबाईंनी देशाचं नावच लिहिलं नाही. "जेथं भाजीवाला दारावर येते, तेथं," असं पोरीकडून लिहून घेतलं. मॅडम हसली नाही. तिनं ते वाचून बाजूला खूण केली आणि नंतर खरंच त्यावर बोलली: चालत जाण्याच्या अंतरावर दुकान असणं आणि गाडीशिवाय पान न हलणं, यानं म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस बदलतो म्हणाली. मला इथेच ती आवडली.

मग एकेक देश खोडायला सुरुवात झाली. फिनलंड आमच्या कुणाच्याच यादीत नव्हता, पण दिरानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं म्हणून मी विचारलं. आनंदी देशांच्या जागतिक अहवालात तो २०१८ पासून दरवर्षी पहिला येतो हे मॅडमनं मान्य केलं आणि पुढे एवढंच सांगितलं की डिसेंबरात हेलसिंकीला उजेड जेमतेम सहा तास असतो. "मग कुरडया कुठं वाळवाच्या?" सासूबाई म्हणाल्या. फिनलंड संपला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आम्हीच उन्हाला शिव्या घालतो, पण सहा तास म्हणजे फारच झालं.

दुबईला दोन मिनिटं. पगारावर आयकर नाही, नागपूरची माणसं भरपूर, पण राहण्याचा परवाना साधारणपणे नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोडी मुदत मिळते, तेवढ्यात दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. आम्ही विचारत होतो कायमचं राहण्याबद्दल.

जपानवर नवरा अडून बसला. २०१९ पासून तिथे ठराविक क्षेत्रांतल्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा आहे, तो त्याला यूट्यूबवरून माहीत होता. यूट्यूबनं जे सांगितलं नव्हतं ते मॅडमनं सांगितलं: त्याच्या पहिल्या पायरीवर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि बायकोपोरं सोबत नेता येत नाहीत. इंजिनिअरचा व्हिसा वेगळा, त्यात कुटुंब चालतं. पदवी नसली तर दहा वर्षांच्या अनुभवावरही भागतं. पण त्याला आधी तिथल्या कंपनीची नोकरी हवी, आणि ती जपानी येत नसलेल्या माणसाला मेंटेनन्समध्ये कोण देणार? नवरा गप्प झाला. पोरीला बरं वाटलं, कारण आता तिचा कोरिया एकटाच खोडला जाणार नव्हता.

खरं काम ऑस्ट्रेलियावर झालं, आणि १,५०० रुपये तिथेच वसूल झाले. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी आम्हाला ऑस्ट्रेलिया सुचवला, ते सगळे बीच आणि पगार सांगायचे. हिनं कागद घेतला आणि माझा हिशेब मांडला, कारण तिथला कुशल कामगारांचा व्हिसा पॉइंटांवर चालतो. वय ३३ ते ३९ मध्ये असलं की २५ पॉइंट. पदवीचे १५. आठ वर्षांच्या वर अनुभव, त्याचे १५. इंग्रजीच्या परीक्षेत मधली पायरी गाठली तर १०. झाले ६५, आणि अर्जाला किमान ६५ च लागतात. मी खुशीत आले. मग तिनं माझी जन्मतारीख परत विचारली. ४० पूर्ण झाले की वयाचे २५ वरून थेट १५ होतात आणि वय मोजतात ते अर्जाचं निमंत्रण येईल त्या दिवशीचं, रांगेत नाव टाकल्याच्या दिवशीचं नाही. माझा वाढदिवस दिवाळीच्या आसपास येतो. म्हणजे लाडू वळता वळता ६५ चे ५५ होणार. शिवाय ६५ म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी फक्त, बोलावतात जास्तवाल्यांना. इंग्रजीत वरची पायरी गाठली तर १० चे २० होतात, नवऱ्याच्या इंग्रजीचेही थोडे मिळतात, पण त्याआधी माझी डिग्री-डिप्लोमा तिथली लॅब-सायंटिस्टची संस्था मान्य करते की नाही, हा मोठा जर-तर.

हे सगळं ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वेबसाइटवर फुकट लिहिलेलं आहे, हे खरं. मी घरी येऊन तपासलं, आकडे बरोबर निघाले. पण आपल्या जन्मतारखेला लावून समोर कुणी मांडत नाही तोवर तो तक्ता आपल्यासाठी नसतोच.

मग मॅडमनं सासूबाईंकडे वळून आई-वडिलांच्या व्हिसाचं सांगितलं. ऑस्ट्रेलियात त्याचे दोन रस्ते. एकात माणशी ४५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर भरायचे आणि तरी वर्षानुवर्षं थांबायचं. दुसरा स्वस्त, त्याची रांग तीस वर्षांच्या घरात. ७१ अधिक ३० पोरीनं मोठ्यानं केले.

"१०१ व्या वर्षी म्या काय भूत होऊन येऊ का वं?" सासूबाई म्हणाल्या. शेजारच्या केबिनमधलं जोडपंही हसलं.

जर्मनीचा विषय मीच काढला, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्या लॅबमध्ये दुसरा विषय नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, तिथे जाऊन नोकरी शोधू देणारं त्यांचं ते संधी-कार्डही सुरू झालं. ३५ च्या आत असाल तर वयाचे दोन पॉइंट, ४० पर्यंत एक, नवऱ्याला शून्य. माझ्या कामाला तिथे सरकारी मान्यता लागते आणि त्यासाठी जर्मन चांगलं यावं लागतं. नर्सिंग झालेल्या पंचविशीतल्या पोरींनी जरूर बघावं. लॅबमधल्या आमच्या ज्युनिअरला मी हेच ऑफिस सुचवलं, पहिल्या मजल्यापर्यंतच.

आणि न्यूझीलंड. मला वाटलं होतं मॅडम माझ्या बाजूनं बोलेल. तिनं आधी जमेची बाजू सांगितली: कुशल कामगारांसाठी वयाची अट ५५ पर्यंत, म्हणजे आम्हा दोघांनाही धाप लागायला वेळ आहे. इंग्रजी चालतं. महाराष्ट्रापेक्षा थोडासाच लहान देश आणि माणसं ५० लाखांच्या थोडी वर. मग दुसरी बाजू, तितक्याच शांतपणे. अर्जाआधी तिथल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हवी. माझी नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे, नवऱ्याची इलेक्ट्रिकल कामगारांच्या बोर्डाकडे. इथला वीस वर्षांचा हात तिथे परवान्याशिवाय स्विचबोर्डलाही लावता येत नाही. तिथलीच माणसं जास्त पगारासाठी ऑस्ट्रेलियात जातात. जुनी घरं इतकी थंड आणि ओलसर की भाड्याच्या घरांत हीटर आणि इन्सुलेशन हवंच, असा नियम सरकारला २०१९ मध्ये करावा लागला. भूकंप आहेतच, २०११ मध्ये क्राइस्टचर्चला १८५ माणसं गेली. आणि वेळ आपल्यापेक्षा साडेसहा ते साडेसात तास पुढे, म्हणजे तिथली रात्रीची जेवणं आटोपली तरी माझी आई इथे दुपारच्या झोपेतून उठायची असेल.

एवढं ऐकूनही माझं मत बदललं नाही. उलट पहिल्यांदाच ते खऱ्या देशाबद्दलचं मत झालं. आधी माझ्या डोक्यात मेंढ्या आणि हिरवळ होती. आता ओलसर भिंतीसकट तोच देश हवा आहे. भाजीवाला दारावर येणार नाही, हे सासूबाईंना मॅडमनंच सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू.

आता खालचा मजला. बैठक संपली की "फाइल टीम"कडे पाठवतात. तिथे टाय लावलेला एक मुलगा, समोर लॅपटॉप, आमचा फॉर्म न वाचताच म्हणाला, "कॅनडा करून टाका सर, होऊन राहिलं सगळ्यांचं." पॅकेज ८५,००० रुपये, निम्मे आज. कॅनडाच्या पद्धतीत जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० मिळतात, ३९ ला ५० उरतात, ४५ ला शून्य. हे वर मॅडमनं सांगितलं होतं. हा म्हणाला, काळजी नको, आम्ही जॉब ऑफर काढून देतो, त्याचे पॉइंट वाढतील. ते पॉइंट कॅनडानं मार्च २०२५ मध्ये काढून टाकलेत! तेही वरच कळलं होतं. एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन टोकांना ही तफावत.

मी दोन प्रश्न विचारले, ते तुम्हीही विचारा. पहिला: पैसे घेऊन कॅनडाचा सल्ला द्यायला तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा (तिला ते "कॉलेज" म्हणतात) परवाना किंवा तिथली वकिलीची सनद लागते, न्यूझीलंडला तर भारतात बसून सल्ला देणाऱ्यालाही त्यांचा परवाना लागतो, तुमच्याकडे कुणाचा आहे, नंबर द्या. उत्तर आलं, "आमचे पार्टनर आहेत मॅडम." नंबर आला नाही. दुसरा: तुम्ही नोकरी लावून देणार असाल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालची नोंदणी दाखवा. ती भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येते. यावर तो पाणी आणायला उठला.

त्यानंतर फोनचा भडिमार. हॉटेलातला सेमिनार, आजच्या आज सूट, शेवटच्या काही जागा. देशात राहायला जागा शेवटच्या कशा असतील, हे मला अजून कळलेलं नाही. नंबर ब्लॉक केला.

पैसे आम्ही दिले नाहीत. विद्यापीठातून मार्कशीटच्या प्रती काढायला टाकल्यात, नवरा इलेक्ट्रिकल बोर्डाची कागदपत्रं स्वतः वाचून राहिला आहे, आणि लागलं तर परवानाधारक सल्लागार थेट त्यांच्या सरकारी यादीतून शोधू.

जायचं असेल तर पहिल्या बैठकीचीच पावती फाडा आणि मंगळवार-बुधवार बघा. शनिवारी बारावीच्या पोरांची आई-वडिलांसकट गर्दी असते. लिफ्ट बंद होती, सासूबाईंना जिना चढायला त्रास झाला. पार्किंग नाही, गाडी चौकात लावा. चहा चांगला देतात.