बर्तन बाजारातला लोखंडी वोक: घ्यावा का?

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात पत्र्याचा लोखंडी वोक, म्हणजे चिनी पद्धतीची खोलगट कढई, मिळतो. घरी चायनीज किंवा थाई मनापासून करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, असं माझं मत आहे. अटी दोनच: घरात गॅसची शेगडी हवी, आणि धुतलेलं भांडं लगेच कोरडं करायची सवय हवी.

मी घेतलेला वोक १४ इंची, दीड मिलिमीटर जाडीचा आहे. एका बाजूला लांब लाकडी मूठ, समोर धरायला छोटा कान, तळ गोल. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, किंमत साडेनऊशे रुपये. कुठल्या कंपनीचं नाव नाही, खोका नाही, माहितीपत्रक नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. मॉलमध्ये याच मापाचे नॉनस्टिक वोक पुष्कळ महाग मिळतात, आणि माझा खरा आक्षेप त्यांच्यावर आहे. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब व्हायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामं भांडं काही मिनिटांत तिथवर पोचतं. वोकमधला स्वयंपाक तर रिकामं भांडं धूर येईपर्यंत तापवण्यापासूनच सुरू होतो. ज्या कामासाठी भांडं विकत घ्यायचं, तेच काम त्यात करायचं नाही, मग घ्यायचं कशाला?

आमच्याकडे सासूबाईंची बिडाची कढई आहे. झुणका आणि भरली वांगी तिच्यातच होतात आणि तशी दुसऱ्या कशात होत नाहीत. पण बीड जाड आणि जड. तापायला वेळ लावतं, आणि आच कमी केली तरी बराच वेळ तसंच तापलेलं राहतं. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, म्हणून ते साच्यात ओतावं लागतं आणि हातातून पडलं तर तडकतं. पत्र्याच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्याही आत असतो, त्यामुळे ते पातळ लाटता येतं, ठोकून वाकवता येतं. पातळ असल्यामुळे आच वाढवली की वोक लगेच तापतो, कमी केली की लगेच उतरतो. शिवाय लोखंडी पत्रा ॲल्युमिनियमसारखी उष्णता चटकन पसरवत नाही. इथे तेच हवं असतं. तळ रणरणीत तापलेला, कडा त्या मानाने निवलेल्या. झालेली सिमला मिरची कडेला सरकवायची आणि मधल्या मोकळ्या जागेत पुढची वस्तू टाकायची. एकाच भांड्यात दोन आचा मिळतात.

आपल्या शेगडीच्या स्टँडवर गोल बुडाची कढई बसते, त्यामुळे वोकखाली वेगळी रिंग घ्यायची गरज नाही. इंडक्शनवर मात्र हा चालणार नाही.

आता सीझनिंग, म्हणजे पत्र्यावर तेलाचा थर तापवून पक्का करणं. यात घाई केली तर वोक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. गंज लागू नये म्हणून नव्या भांड्यावर तेलाचा किंवा वॉर्निशसारखा पातळ थर दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने पूर्ण काढायचा. मग खिडक्या उघडून, चिमणी लावून वोक मोठ्या आचेवर ठेवायचा. करडा पत्रा आधी पिवळट, मग तपकिरी, मग निळसर होत जातो. वोक फिरवत राहायचं, सगळीकडे निळा रंग आला की आच कमी करायची. सुती फडक्याने तेल लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं, जणू तेल लावलंच नव्हतं इतकं. जाड थर राहिला तर तो चिकट होतो. धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, आणि हे तीन-चार वेळा करायचं. वोक देताना दुकानदार म्हणाला होता, ‘मैडम, काली होने दो, चमकाना मत.’ या भांड्याबद्दल याहून नेमका सल्ला मला अजून मिळालेला नाही.

तेल कोणतं, हे मला सगळे विचारतात. आपल्या इंदूरच्या कुठल्याही किराणा दुकानात असतं ते, रिफाइंड सोयाबीन. माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन पिकतं, देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे, आणि नेमकं हेच तेल या कामाला उत्तम. त्यात असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात. उष्णता आणि हवा मिळाली की ती एकमेकांत गुंफून पत्र्यावर कडक थर धरतात. खोबरेल आणि तूप इथे मागे पडतात. जवसाच्या तेलाचं नाव बरेच जण घेतात. त्याचा थर फार कडक होतो हे खरं, पण पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. मी ते सुचवणार नाही.

वापराबद्दल मला एकच गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे: थोडं थोडं करा. रेस्टॉरंटमधली चायनीज भट्टी २५-३० किलोवॅटची सहज असते, घरचा मोठा बर्नर ३ किलोवॅटच्या आसपास. सराफा बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत नूडल्सच्या गाडीवर ज्वाळा कढईच्या कडेपर्यंत येतात, तसं आपल्या ओट्यावर होणार नाही. कँटनी स्वयंपाकी ज्याला वोक-हेय म्हणतात, तो धुरकट खरपूस वास घरात थोडाच मिळतो, पण मिळतो. त्यासाठी चौघांच्या नूडल्स दोन घाण्यांत करायच्या. कोबी, गाजर धुऊन पंचावर पसरून कोरडं करायचं, कारण पाणी वाफ होऊन जाताना भांड्याची सगळी उष्णता घेऊन जातं आणि भाजी परतण्याऐवजी शिजायला लागते. फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला भात. गार होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शितं सुटी राहतात. सोया सॉस भातावर ओतू नका, वोकच्या तापलेल्या कडेवरून सोडा, तिथे तो चुरचुरतो आणि त्याचा वासच बदलतो. चिकन करत असाल तर पातळ तुकड्यांना कॉर्नफ्लोअर, थोडा सोया सॉस आणि चमचाभर तेल चोळून अर्धा तास ठेवा. मांस आतून मऊ राहतं आणि वोकला चिकटत नाही.

आमच्या घरी सगळ्यात जास्त होते ती सिचुआन पद्धतीची कोरडी फरसबी. शेंगा थोड्या तेलावर साल सुरकुतून तिच्यावर डाग पडेपर्यंत परतायच्या आणि काढून ठेवायच्या. मग लसूण, सुक्या लाल मिरच्या, सिचुआन मिरं, आणि शेंगा परत आत. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे बांगड्याच्या आमटीसाठी तिरफळं घरात असतातच. सिचुआन मिरं आणि तिरफळ एकाच वंशातल्या झाडांची फळं, दोन्हींचं बी टाकून टरफल वापरायचं, दोन्हींनी जीभ झिणझिणते. मी या शेंगांना तिरफळच वापरते. चव थोडी वेगळी येते, पण मला ती जास्त आवडते.

या वोकमध्ये काय करू नये, हेही सांगायला हवं. चिंच, कोकम, टोमॅटो बराच वेळ उकळलं की आंबटाने थर निघतो आणि पदार्थ काळा पडतो. मोमो किंवा मोदक वाफवायला त्यात पाणी उकळत ठेवू नये, त्यानेही थर उतरतो. मोदकपात्र त्यासाठीच आहे. भुट्ट्याचा कीस तर नकोच. दूध घालून मंद आचेवर आटवायचा पदार्थ पातळ पत्र्यावर तळाला लागणारच.

धुणं सोपं आहे. जेवायला बसण्याआधी, वोक कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्याने घासायचा. साबणाचे दोन थेंब चालतात, मुरलेला थर त्याने जात नाही. मग गॅसवर पूर्ण वाळवून तेलाचं बोट फिरवायचं. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. तारेची घासणी आणि पावडर हातात असताना काळं भांडं त्या लख्ख करणारच, म्हणून वोक मी सिंकमध्ये ठेवतच नाही, खिळ्याला टांगते. श्रावणात रोज वापरात नसेल तर ठिपक्यांसारखा गंज येतो. तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावून तापवली की झालं, भांडं टाकून द्यायचं कारण नाही.

उणिवा आहेत. मुठीचा स्क्रू उष्णतेने सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागतो. झाकण मिळत नाही. गोलाई हातची असल्याने माझा वोक शेगडीवर किंचित एका अंगाला कलतो. यापैकी कशानेही मी तो परत करावा असं मला वाटलं नाही.

घेताना लाकडी मूठच मागा, पूर्ण लोखंडी मूठ हाताला भाजते. १४ इंचाहून मोठा घेऊ नका, घरच्या बर्नरने त्याचा तळ पुरेसा तापत नाही. आणि कडेवरून बोट फिरवून बघा. धार लागत असेल तर दुकानदार तिथल्या तिथे कानस मारून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.