‘टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन : भाग २’ विकत घेण्याआधी

‘टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन’ या कार्टूनच्या डिस्क-संचाचा दुसरा भाग कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका. हा भाग कधी बाजारात आलाच नाही. तरीही तो ‘सीलबंद’, ‘इम्पोर्टेड’, ‘आउट ऑफ प्रिंट’ म्हणून विकला जातो. त्याला फसतात ती बहुतेक करून पहिला भाग जिवापाड जपणारी माणसं, कारण कपाटात त्याच्या शेजारची जागा त्यांना रोज रिकामी दिसत असते.

आधी खरं काय ते सांगतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या सिनेमा कंपनीसाठी १९४० ते १९५८ या काळात टॉम अँड जेरीची ११४ कार्टून केली. त्यांतली पहिली ३७, म्हणजे ‘पस गेट्स द बूट’पासून १९४८च्या ‘प्रोफेसर टॉम’पर्यंत, वॉर्नरने २०११ मध्ये ‘गोल्डन कलेक्शन’च्या पहिल्या भागात क्रमाने दिली. दुसरा भाग जून २०१३ साठी जाहीर झाला. पण त्याच्या यादीत ‘माउस क्लीनिंग’ (१९४८) आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ (१९५१) ही दोन कार्टून नव्हती. दोन्हींत चेहरा काळा करून कृष्णवर्णीयांची थट्टा करणारी दृश्यं आहेत. आता क्रम बघा: ‘प्रोफेसर टॉम’नंतरचं अडतिसावं कार्टून म्हणजे नेमकं ‘माउस क्लीनिंग’. क्रमाने आणि न कापता देण्यासाठी काढलेल्या संचाचा दुसरा भाग पहिल्याच पायरीवर अडला. संग्राहकांनी जोरदार नाराजी कळवली आणि तो भाग आलाच नाही. मागे उरलं ते जाहिरातीपुरतं मुखपृष्ठ, आणि नकली माल विकणाऱ्यांना तेवढं पुरतं.

अशी एक केस आम्ही नीट तपासली. समाजमाध्यमावरचा विक्रेता, किंमत ४,२०० रुपये, पैसे आगाऊ आणि यूपीआयने. डबी निळी, वर प्लास्टिकचं आवरण, कडेला ‘भाग २’. दोन हात लांबून बघितलं तर शंका येणार नाही. जवळ घेतल्यावर मागच्या बाजूचा बारीक मजकूर धूसर दिसतो, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, कारण छपाई पडद्यावरच्या चित्रावरून केलेली. बारकोड फोनने स्कॅन केला तर तो दुसऱ्याच शीर्षकाचा निघतो. डिस्कवरचं चित्र इंकजेटचं; ओल्या कापसाचा बोळा कडेला टेकवला की शाई कापसावर येते. (हा प्रयोग सगळे फोटो काढून झाल्यावरच करा, नाहीतर परतीच्या वेळी ‘तुम्हीच खराब केलं’ असं ऐकावं लागतं.)

डिस्क उलटी करा. कारखान्यात साच्यातून प्रेस केलेल्या डिस्कची वाचायची बाजू चांदीसारखी किंवा फिकट सोनेरी असते. बर्न केलेल्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर संगणकाने लिहिलेल्या, डीव्हीडी-आरची बाजू जांभळट, आणि बीडी-आरची (तशाच ब्लू-रेची) बरेचदा गडद, तपकिरी-करड्या छटेची. मग मधल्या भोकाभोवतीचं अरुंद कडं तिरप्या उजेडात धरा. अस्सल डिस्कच्या कड्यावर त्या शीर्षकाचा मॅट्रिक्स क्रमांक (कारखान्यात उमटवलेला ओळख क्रमांक) असतो आणि जवळच ‘आयएफपीआय’ या रोमन अक्षरांनी सुरू होणारा बारीक संकेत. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फक्त ‘आयएफपीआय’ दिसलं म्हणून डिस्क अस्सल ठरत नाही. कोऱ्या डिस्कसुद्धा साच्यातूनच निघतात आणि त्यांच्या आतल्या पारदर्शक भागावर साच्याचा संकेत असू शकतो. बघायचा असतो तो मॅट्रिक्स क्रमांक. तो शीर्षकाशी जुळतो, की नुसता कोऱ्या डिस्कच्या कंपनीचा तुकडी क्रमांक आहे?

संगणक असेल तर निकाल मिनिटात लागतो. डिस्क ड्राइव्हमध्ये घाला, ‘इमगबर्न’ (ImgBurn) हा डिस्क वाचणारा प्रोग्राम उघडा, उजवीकडे माध्यमाची माहिती वाचा. प्रेस केलेल्या ब्लू-रेला तो ‘बीडी-रॉम’ म्हणतो, बर्न केलेलीला ‘बीडी-आर’, आणि खाली कोऱ्या डिस्कच्या उत्पादकाचा संकेतही दाखवतो. डीव्हीडीच्या बाबतीत थोडं सावध राहा. डीव्हीडी प्लस-आर बर्न करताना तिच्यावर ‘डीव्हीडी-रॉम’ अशी ओळख लिहिता येते, म्हणून काही प्लेअर आणि प्रोग्राम चकतात. उत्पादकाचा संकेत मात्र जागेवरच राहतो.

या केसमध्ये निघाली ती बीडी-आर, क्षमता २५ जीबी, भरलेली जेमतेम ८ जीबी. त्यात ३६ कार्टून. एक कार्टून सरासरी ७ मिनिटांचं धरलं तर २५२ मिनिटं, म्हणजे १५,१२० सेकंद. ८ जीबीचे ६,४०० कोटी बिट होतात. त्याला सेकंदांनी भागलं की सेकंदाला सुमारे ४२ लाख बिट येतात, म्हणजे जेमतेम ४ मेगाबिट. नीट केलेली ब्लू-रे सेकंदाला २० ते ३० मेगाबिट सहज वापरते. हा हिशोब विकत घेण्याआधीसुद्धा करता येतो. ‘५० कार्टून, एकाच डीव्हीडीवर’ अशी जाहिरात दिसली की ३५० मिनिटं ४.७ जीबीत कोंबायची म्हणजे सेकंदाला १.८ मेगाबिटही मिळत नाहीत. डीव्हीडीवर चित्र बरं दिसायला ५ ते ८ लागतात. वॉर्नरच्या ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’च्या पहिल्या भागात ५६ कार्टूनसाठी ४ डिस्क आहेत, ते उगाच नाही.

चित्र कुठून आलं तेही शोधता येतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावा, थांबवा आणि कीबोर्डवरचं ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि त्या काळातल्या कार्टूनमध्ये बरेचदा एक रेखाटन दोन फ्रेम धरून ठेवलेलं असतं. अस्सल ब्लू-रेवर प्रत्येक फ्रेम स्वच्छ दिसते: टॉमचा पंजा इथे, पुन्हा इथेच, मग पुढे. या डिस्कवर दर पाच फ्रेमपैकी तीन स्वच्छ आणि दोन फाटलेल्या दिसल्या. पंजाच्या दोन जागा कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत घुसलेल्या. २४ फ्रेम अमेरिकी टीव्हीच्या सुमारे ३० मध्ये बसवताना ही खूण पडते. म्हणजे मूळ माल जुन्या डीव्हीडीचा, नुसता ताणून १०८० ओळींचा केलेला. ‘माउस क्लीनिंग’ सुरू झालं तेव्हा चित्र एकदम बदललं: लाल रंगाच्या कडांवर सरपटणारे ठिपके, उजव्या कोपऱ्यात पुसट चौकोन. ठिपके ॲनालॉग सिग्नलवरून घेतलेल्या नकलेचे, चौकोन वाहिनीचं चिन्ह पुसल्याचा.

हल्ली ‘एआय रिस्टोर्ड ४के’ म्हणून विकतात ते याहून वाईट. मूळ फिल्मचा रवा, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, पुसून टाकतात, रेषा मेणासारख्या गुळगुळीत करतात, आणि पार्श्वभूमीवरचे जलरंगाचे फटकारे लोकरीसारखे दिसायला लागतात. आधी नामपट्टी बघा. बारीक अक्षरांच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे वळसे असतील तर पुढचं बघायची गरज नाही.

टॉमच्या मिशा ही आमची कायमची परीक्षा. धूळ आणि चरे आपोआप पुसणारा प्रोग्राम एका फ्रेमला शेजारच्या फ्रेमशी ताडून बघतो. एकाच फ्रेममध्ये दिसली आणि पुढच्यात नाही, अशी बारीक रेषा त्याला चरा वाटते. टॉम जोरात मान फिरवतो तेव्हा मिशी नेमकी तशीच वागते, आणि प्रोग्राम ती खाऊन टाकतो. हे मात्र नकली मालाचंच लक्षण नव्हे. काही अधिकृत डीव्हीडींवरही असं झालेलं आहे. म्हणून मिशा गेल्या की डिस्क खोटी असं नाही. मिशा गेल्या की ‘उत्कृष्ट पुनर्संचयित प्रत’ हा दावा खोटा, एवढंच.

नावांच्या पट्ट्याही बोलतात. पॉपायची कार्टून १९५६ मध्ये टीव्हीसाठी ‘ए.ए.पी.’ या कंपनीकडे गेली तेव्हा पॅरामाउंटची मूळ नावं काढून त्या कंपनीचं चिन्ह चिकटवलं गेलं. २००७ साली आलेल्या चार डिस्कच्या संचात, १९३३ ते १९३८ची ६० कार्टून आहेत तिथे, मूळ नावं परत आणलेली आहेत. तेव्हा ‘रिस्टोर्ड पॉपाय’ म्हणून घेतलेली डिस्क ‘ए.ए.पी.’ने सुरू झाली तर ती टीव्हीच्या घासलेल्या प्रतीवरून काढलेली आहे. उलट लूनी ट्यून्सवर ‘ब्लू रिबन’ची पट्टी दिसली म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. वॉर्नरने पुनर्प्रदर्शनाच्या वेळी स्वतःच मूळ पट्ट्या कापल्या, आणि अनेक कार्टूनच्या पट्ट्या अधिकृत संचातही तशाच आहेत.

फ्लायशर स्टुडिओने सुरू केलेल्या ‘सुपरमॅन’ मालिकेचा (१९४१ ते १९४३, १७ कार्टून) प्रकार निराळा. अमेरिकेत ती कॉपीराइटमुक्त आहेत, कोणीही छापून विकू शकतो. तिथे डिस्क नकली नसते, ‘रिस्टोर्ड’ हा शब्द पोकळ असतो.

आता एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा, कारण यावरून चांगल्या माणसांवर आळ येतो. बर्न केलेली प्रत्येक डिस्क चोरीची नसते. ‘वॉर्नर आर्काइव्ह’ या वॉर्नरच्याच विभागाने २००९ पासून मागणीप्रमाणे बर्न करून दिलेल्या डीव्हीडी अस्सल आहेत. स्टीव्ह स्टँचफील्ड यांची ‘थंडरबीन’ दुर्मिळ कार्टूनच्या मूळ फिल्म शोधून, स्वतः साफ करून छोट्या संख्येने डिस्क काढते; त्यांतल्या कित्येक बीडी-आर असतात, आणि चित्र मोठ्या कंपन्यांना लाजवेल असं. पण वॉर्नर आर्काइव्हच्या ब्लू-रे प्रेस केलेल्या असतात. टेक्स एव्हरीची ‘स्क्रूबॉल क्लासिक्स’ (तीन भाग, २०२० ते २०२१) किंवा ‘लूनी ट्यून्स कलेक्टर्स चॉइस’ (चार भाग, २०२३ ते २०२४) बीडी-आरवर आली तर ती बनावट समजा.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी तीन फोटो मागा: डिस्कची वाचायची बाजू, मधलं कडं तिरप्या उजेडात, आणि डबीच्या मागचा बारीक मजकूर. तिन्हींत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी हवी. ‘सीलबंद आहे, उघडता येत नाही’ हे उत्तर आलं तर सीलच्या जोडाचा फोटो मागा. घरगुती हीटगनने चढवलेलं आवरण कोपऱ्यांत सैल आणि सुरकुतलेलं असतं. जाहिरातीत ‘रीजन ऑल’ (जगातल्या कुठल्याही भागातल्या प्लेअरवर चालेल) लिहिलंय का तेही बघा; असेल तर शंका घ्या. अमेरिकी डीव्हीडी संच सहसा रीजन १चे असतात आणि भारत डीव्हीडीसाठी रीजन ५ मध्ये येतो, त्यामुळे खरा विक्रेता ‘तुमचा प्लेअर चालवेल का’ असं आपणहून विचारतो.

यूपीआयने आगाऊ पैसे देऊ नका. एकदा गेले की परत आणायला तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. कार्डाने दिले तर बँकेकडे आक्षेप नोंदवता येतो. पेपॅलवर तक्रारीला १८० दिवस मिळतात. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून डिस्कच्या कड्यापर्यंत एकाच सलग व्हिडिओत घ्या. परतीच्या अर्जात ‘आवडलं नाही’ हे कारण निवडू नका, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडा आणि इमगबर्नचा स्क्रीनशॉट जोडा. विक्रेता गायब झाला असेल तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा; व्यवहार दुकानाचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटी अस्सल मालातलाच धोका. २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या काही डीव्हीडी बिघडत असल्याचं वॉर्नरने २०२५ मध्ये स्वतः मान्य केलं आणि सदोष डिस्क बदलून द्यायची तयारी दाखवली. ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’चे चौथा, पाचवा आणि सहावा भाग याच वर्षांतले, पॉपायचे संचही. दोष बाहेरून दिसत नाही. डिस्क चकचकीत, चरा एक नाही, मेनू उघडतो, पहिली काही कार्टून चालतात आणि पुढे चित्र गोठतं. बरेचदा हे दोन थरांच्या डिस्कच्या दुसऱ्या थरावर होतं. हे ठाऊक असलेले विक्रेते ‘न उघडलेला संच’ म्हणून चढ्या भावाने विकतात. न उघडल्यामुळे तक्रारही होत नाही. असा संच घेतलात तर सील जपत बसू नका. परतीची मुदत संपण्याआधी सगळ्या डिस्क इमगबर्नच्या ‘व्हेरिफाय’वर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचून घ्या. वाचण्याचा वेग एकदम कोसळला किंवा एकही ‘रीड एरर’ आला तर ती डिस्क गेलेली आहे. पुसून, धुऊन ती सुधारत नाही.