टिपांसहित मराठी जुना करार: सन्हेरीबाच्या निमित्ताने, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी टिपांसहित मराठी जुना करार (बायबलचा पहिला भाग) घेतला. नाताळ होऊन गेला तरी तो अजून रोजच्या वापरात आहे. सगळा वाचून झाला असे मी म्हणणार नाही. मी तो मुख्यतः एका प्रकरणासाठी वापरला: अश्शूरचा राजा सन्हेरीब, यहूदाची राजधानी यरुशलेम हिच्यावरची त्याची स्वारी, त्याने देवाला दिलेले आव्हान आणि त्याचा शेवट. म्हणजे २ राजे १८ आणि १९, यशया ३६ आणि ३७, शिवाय २ इतिहास ३२. शेजारी मोबाइलवर ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रह उघडा ठेवायचे. त्यामुळे हा अनुभव छपाईपेक्षा मजकुराच्या भरवशाबद्दल जास्त आहे.

छपाईचे आधी आटपते. कागद पातळ आहे, मागच्या पानाची अक्षरे थोडी दिसतात, पण बांधणी मजबूत आहे. टिपांचा टाइप बारीक, रात्री दिव्याजवळ बसावे लागते. नकाशे शेवटी एकत्र टाकलेत, आणि यहूदातले लाखीश शहर ते यरुशलेम हे अंतर समजावे इतके ते मोठे नाहीत. समांतर वचनांची यादी मात्र उत्तम. तिच्यामुळेच राजे, यशया आणि इतिहास ही तीन पुस्तके एकाच घटनेकडे कशी पाहतात हे पहिल्यांदा नीट कळले.

हेच प्रकरण का निवडले, तर इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे हाताशी आहे. सन्हेरीबाने इ.स.पू. ७०५ ते ६८१ राज्य केले. त्याचा बाप दुसरा सार्गोन लढाईत पडला आणि त्याचे प्रेतसुद्धा मिळाले नाही. पोराने राजधानी निनवेला हलवली, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ, आणि तिथे ‘ज्याला तोड नाही असा’ म्हणून स्वतःच वाखाणलेला राजवाडा उभारला. इ.स.पू. ७०१ मध्ये तो पश्चिमेकडे निघाला. त्या मोहिमेचा त्याने लिहवून घेतलेला वृत्तान्त भाजलेल्या मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभावर आहे. उंची सुमारे ३८ सेंटिमीटर, काळ इ.स.पू. ६९१. १८३० मध्ये निनवेच्या जागी तो कर्नल रॉबर्ट टेलर यांच्या हाती आला, आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच मजकुराचे आणखी दोन स्तंभ शिकागो आणि यरुशलेम इथल्या संग्रहालयांत आहेत.

राजा त्यात काय म्हणतो? यहूदाचा राजा हिज्कीया माझ्या जुवाखाली आला नाही. मी त्याची ४६ तटबंदीची शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, आणि खुद्द त्याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले. पुढे खंडणीची यादी येते: सोने, रुपे, हस्तिदंती पलंग, हिज्कीयाच्या मुली, गाणारे आणि गाणाऱ्या. इतर शहरांच्या बाबतीत ‘वेढले, जिंकले, लुटले’ हा त्याचा ठरलेला पाढा असतो. यरुशलेमच्या बाबतीत ‘जिंकले’ हा शब्द कुठेच येत नाही. एवढी बढाई मारणारा माणूस मुख्य गावाचे नाव घेऊन तिथेच गप्प बसतो. ते शहर त्याला मिळाले नाही, आणि पवित्र शास्त्रही तेच सांगते.

मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते ते शास्त्रकर्त्याने काय लपवले नाही हे. २ राजे १८ च्या १३ व्या वचनात तो सरळ लिहितो की यहूदाची तटबंदीची सगळी नगरे सन्हेरीबाने घेतली. पुढच्याच वचनात हिज्कीया लाखीशला निरोप धाडतो: माझे चुकले, तू लादशील ते भरतो. मग ३०० किक्कार रुपे आणि ३० किक्कार सोने (किक्कार हे तेव्हाचे वजनाचे माप). त्यासाठी परमेश्वराच्या मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून काढावे लागते. आपल्या सर्वांत भल्या राजाने देवाच्या दाराचे सोने काढून परक्याला दिले, हे लिहायला कोण भाग पाडत होते? कोणीही नाही. सन्हेरीबाच्या स्तंभावर अशी एकही ओळ शोधून सापडत नाही. यहूदी शास्त्राच्या खरेपणावर माझा भरवसा बसतो तो अशा ठिकाणी. सोन्याचा आकडा दोन्हीकडे ३० च आहे. रुप्याचा मात्र तिकडे ८०० आणि इकडे ३००. वजनाची मापे वेगळी असतील किंवा राजाने फुगवून सांगितले असेल, दोन्ही शक्य आहे. माझ्या प्रतीतली टीप हा फरक उघड सांगते, त्याबद्दल संपादकांचे आभार.

लाखीशवर मी बराच काळ थांबले. स्तंभावर लाखीशचे नाव नाही, पण सन्हेरीबाने आपल्या राजवाड्यातले एक आख्खे दालन त्या एका वेढ्याच्या शिल्पपटांनी मढवले होते. १८४०च्या दशकात ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांनी ते उकरून काढले. संग्रहाच्या साइटवर फोटो मोठा करून पाहा. तटाला भिडलेली मातीदगडांची चढण दिसते, तिच्यावरून चाकांची धडक-यंत्रे वर चढताहेत. वरून यहूदी सैनिक जळते पलिते फेकताहेत. आणि यंत्राच्या आत बसलेला एक अश्शूरी शिपाई लांब दांड्याच्या पळीने पुढच्या भागावर पाणी ओततो आहे, आग लागू नये म्हणून. त्या पळीपाशी मी दर वेळी अडकते. खाली बैलगाडीवर बोचकी लादून बायका-पोरे शहराबाहेर चालली आहेत. काही माणसांना सुळावर चढवलेले आहे. उजवीकडे राजा सिंहासनावर बसलाय, समोर लिहिले आहे की विश्वाचा राजा, अश्शूरचा राजा सन्हेरीब आसनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यापुढून गेली. त्या राजाचा चेहरा कोणीतरी मुद्दाम ठोकून फोडलेला आहे.

ती चढण इस्राएलमध्ये लाखीशच्या टेकडीवर प्रत्यक्ष सापडली. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात ती नीट तपासली गेली. तिथे लोखंडी बाणांची पाती, गोफणीचे दगड, जळलेला थर असे सगळे निघाले. २ राजे मध्ये मात्र लाखीशची लढाई वर्णिलेलीच नाही, सन्हेरीब तिथे तळ ठोकून होता एवढाच उल्लेख, तोही जाता जाता. असा जाता जाता केलेला उल्लेख दगडामातीत खरा निघतो तेव्हा मला तो मोठ्या दाव्यांपेक्षा जास्त पटतो. यरुशलेमचेही तसेच. हिज्कीयाने तळे आणि नळ करून पाणी शहरात आणले, असे २ राजे २० मध्ये एका वचनात उरकले आहे. गीहोन झऱ्यापासून खडकातून खोदलेला ५३३ मीटरचा तो बोगदा आजही आहे, लोक त्यातून पाण्यात पाय घालत चालतात. दोन्ही टोकांकडून खोदत आलेले मजूर आत एकमेकांना भिडले तो क्षण नोंदवणारा लेख त्यात १८८० मध्ये मिळाला. तो आता इस्तंबूलला आहे.

अभ्यासवर्गात सर्वांत जास्त चर्चा झाली ती सन्हेरीबाने यरुशलेमला धाडलेल्या रब-शाके या अधिकाऱ्याच्या भाषणावर. वरच्या तळ्याच्या नळापाशी, परिटाच्या शेताच्या वाटेवर उभा राहून तो तटावरच्या सामान्य लोकांना त्यांच्याच भाषेत ऐकवतो. हिज्कीयाची माणसे विनवतात, आमच्याशी अरामीत बोला. तो मुद्दाम आवाज चढवतो. मिसराला (इजिप्तला) टेकायला काठी म्हणून धराल तर ती चिरडलेला बोरू आहे, हातात घुसेल. कोणत्या राष्ट्राच्या देवाने आपला देश माझ्या धन्याच्या हातून वाचवला? हमाथचे देव कुठे गेले? आणि तुमच्या परमेश्वरानेच मला पाठवले आहे! अश्शूरी दरबारात रब-शाके, तर्तान आणि रब-सारीस ही खरोखरीची वरिष्ठ पदे होती. ज्याने हे लिहिले त्याला ती यंत्रणा ठाऊक होती.

राजाचा गर्व इथे दिसतो. सन्हेरीबाने शहरे घेतली म्हणून संदेष्टा यशया त्याच्यावर तुटून पडत नाही. यशया १० मध्ये तर अश्शूर हीच देवाच्या क्रोधाची काठी आहे. तक्रार अशी की कुऱ्हाडच ती चालवणाऱ्यावर फुशारकी मारू लागली. यशया ३७:२९ मध्ये देव म्हणतो, तुझ्या नाकात वेसण आणि तोंडात लगाम घालून आल्या वाटेने परत नेईन. अश्शूरी राजे जिंकलेल्या राजांचे हेच करत. सन्हेरीबाचा मुलगा एसरहद्दोन याच्या एका शिलापटावर दोन बंदिवान राजे दाखवलेत आणि त्यांच्या ओठांतून ओवलेली दोरी राजाच्या हातात आहे. हे संदेष्ट्याने उगाच योजलेले रूपक नव्हते. तटावरच्या प्रत्येकाला ती दोरी माहीत होती, आणि ती आता अश्शूरच्याच नाकात जाणार असे त्याने जाहीर केले. त्याच अध्यायात हिज्कीया धमकीचे पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. आमच्या पाळकांनी हे वाचून वर्ग तिथेच थांबवला होता, आणि बरे केले.

मग त्या रात्री परमेश्वराच्या दूताने छावणीतले १,८५,००० मारले, असे वचन सांगते. याला अश्शूरी दुजोरा नाही, आणि तिथे तो मिळेल अशी अपेक्षाही मी धरत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिसरात ऐकलेली गोष्ट नोंदवली आहे की सन्हेरीबाच्या सैन्याची धनुष्ये-भाते उंदरांनी रात्रीत कुरतडले. काही जण त्यावरून साथीच्या रोगाचा तर्क करतात. मी तो पुरावा म्हणून धरत नाही. त्या रात्री देवाने हात घातला यावर माझा विश्वास आहे, आणि हा विश्वास खापराच्या तुकड्याने सिद्ध होणारा नाही हेही मला मान्य आहे. माझ्या प्रतीतली टीप इथे घाई करते, ‘पुरातत्त्वाने सिद्ध’ असे लिहून मोकळी होते. सिद्ध झाले ते एवढेच की स्वारी झाली, खंडणी दिली गेली, लाखीश पडले आणि यरुशलेम उरले. पुढच्या आवृत्तीत हे वाक्य बदलावे, अशी माझी प्रकाशकांना मनापासून विनंती आहे.

अडचणींच्या बाबतीतही प्रत कमी पडते. तिऱ्हाका, कूशचा (मिसराच्या दक्षिणेकडच्या देशाचा) राजा, चालून येतोय असे २ राजे १९:९ मध्ये आहे, पण तो मिसराच्या गादीवर आला इ.स.पू. ६९० मध्ये. लिहिताना त्याची नंतरची पदवी आधी लावली असेल, जशी आपण कुणाचे बालपण सांगतानाही ‘राष्ट्रपती’ म्हणतो. हिज्कीयाच्या चौदाव्या वर्षाचा हिशोब उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन हिच्या पाडावाशी जुळवतानाही अभ्यासक अडतात. या दोन्हींवर टीप हवी होती. वाचक अडचणीने बिथरत नाही, अडचण झाकलेली नंतर कळली की बिथरतो.

शेवटचे वचन वाचून मात्र अंगावर काटा येतो. आपला देव निस्रोख याच्या मंदिरात पूजा करत असताना सन्हेरीबाला त्याच्याच मुलांनी, अद्रम्मेलेक आणि शरेसर यांनी, तलवारीने मारले, ते अराराट देशात पळाले आणि एसरहद्दोन राजा झाला. इ.स.पू. ६८१. बाबेलची (बॅबिलोनची) बखर म्हणते, त्याच्या मुलाने बंड करून त्याला मारले. एसरहद्दोन आपल्या लेखात भावांशी झालेल्या झगड्याबद्दल आणि त्यांच्या पलायनाबद्दल सांगतो. १९८० मध्ये सिमो पारपोला यांनी एका जुन्या अश्शूरी पत्राचा नीट अर्थ लावला. कटाचा सुगावा लागलेला माणूस राजाची भेट मागतो. तोंड झाकून त्याला ‘राजापुढे’ उभे करतात. तो सांगतो, तुमचा मुलगा अर्द-मुलिस्सू तुम्हाला मारणार आहे. तोंडावरचे वस्त्र काढतात तर समोर खुद्द अर्द-मुलिस्सू. माणूस तिथेच संपवला जातो. शास्त्रातला अद्रम्मेलेक तो हाच. ‘निस्रोख’ नावाचा देव अश्शूरी लेखांत आढळत नाही, तेही नमूद करते, पण खुनी मुलाचे नाव शतकानुशतके हिब्रू नकलांतून टिकून राहिले.

आणि हा न्याय होता असे फक्त यहूद्यांना वाटले नाही. सन्हेरीबाने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केले होते. पुढे बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस याने आपल्या शिलालेखात लिहिले की बाबेलचा देव मर्दूक याच्या कोपामुळे त्याच्याच मुलाने त्याला शस्त्राने मारले. देव वेगळा, पण गर्वाचा हिशोब चुकता झाला याबद्दल दोन्ही पीडित शहरांचे एकमत.

नकलांच्या शुद्धतेबद्दल एक भर. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेली यशयाची गुंडाळी ७.३४ मीटर लांब आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहे. संपूर्ण हिब्रू शास्त्राची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत इ.स. १००८ ची आहे. मधल्या हजारावर वर्षांत शुद्धलेखनाचे आणि शब्दांचे बारीक फरक पुष्कळ पडलेत, पण सन्हेरीबाचे अध्याय आपण आज वाचतो ती हकीकत त्या गुंडाळीतही आहे.

घ्यावा का? अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. फक्त टिपांवर थांबू नका, संग्रहालयाचे फोटो सोबत ठेवा. क्रम असा ठेवा: आधी २ राजे १८–१९, मग यशया १०, मग लाखीशचे शिल्पपट, त्यानंतर यशया ३६–३७, आणि शेवटी निनवेच्या नाशाबद्दलचे नहूमाचे पुस्तक, कारण इ.स.पू. ६१२ मध्ये निनवेही पडले. डोळ्यांचा त्रास असेल तर मोठ्या टाइपाची प्रत मागा, किंमत थोडी जास्त पडते.