हमिंग बंद करणारी पेटी

ज्यांच्या घरी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर किंवा जुना डेक आहे आणि त्यातून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज, म्हणजे हमिंग, येतो, त्यांनी हे वाचूनच दुकानाची पायरी चढावी. माझे 25,800 रुपये गेले. पैशाचं एक वेळ सोडून देतो, पण घरात कुणाचा तरी जीव गेला असता.

मी बेळगावात वडगावला राहतो. बाबा इथल्या भजनी मंडळात आयुष्यभर अभंग म्हणायचे. त्यांच्या कॅसेट मी एकेक करून लॅपटॉपवर उतरवून घेतो. दिवसा आजूबाजूचे यंत्रमाग चालू असतात, त्या खटखटीत बारीक काही ऐकू येत नाही, म्हणून हे काम रात्री, अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन लावून. गेल्या वर्षी नव्या खोलीत सगळं मांडलं आणि पहिल्याच रात्री तंबोऱ्याखाली एक घुमणारा सूर ऐकू यायला लागला. कॅसेट बंद केली तरी तो होताच.

आपली वीज 50 हर्ट्झची. तिची हमिंग 50 आणि 100 हर्ट्झवर बसते. 100 हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमवर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. बाबा काळी एकमध्ये गायचे, म्हणजे ही हमिंग त्यांच्या तीव्र मध्यमाला खेटून, आणि तीही चढी. भीमपलासातल्या अभंगात ते शुद्ध मध्यमावर ठेहराव घ्यायचे आणि खालून हे टोचत राहायचं. मला ते ऐकवेना.

बाजारातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “काका, तुमचं मशीन साधं हाय, म्हणून हमिंग येतंय. हे फुल बॅलन्स्ड हाय बगा. प्लस-मायनस दोन्ही वेगळं जातंय, हमिंग मधल्या मधी कटच होतंय.” नव्या अ‍ॅम्प्लिफायरचं चार पिनांचं गोल सॉकेट दाखवलं आणि माझ्या साध्या जॅकच्या हेडफोनसाठी एक अ‍ॅडॉप्टरही फुकट दिला. 18,500 रुपये. बिल कच्चं, वहीच्या पानावर.

हमिंग तशीच. फोन केला तर म्हणे केबल हलकी आहे, 2,800 ची घ्या. घेतली. फरक शून्य. मग तो स्वतः घरी आला, एक काळी लोखंडी पेटी घेऊन. ‘हम फिल्टर’, 4,500 रुपये. पेटीची वायर भिंतीत खोचली, अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग पेटीत, आणि काय सांगू, खोलीत एकदम शांत. बाबांचा श्वाससुद्धा ऐकू आला. माझे डोळे भरून आले होते. त्याला चहा दिला, कुंदा दिला, पैसे दिले आणि वर हात जोडले.

पावसाळा लागला. जुलैत एका सकाळी सून ओल्या फडक्यानं फळी पुसत होती. एकदम हात मागं घेऊन म्हणाली, “मामंजी, ह्याला हात लागला की मुंग्या येतायत.” अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाला टेस्टर लावला तर दिवा लागला.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत वायरिंगची कामं करणारे एक कन्नड अण्णा ओळखीचे आहेत. ते आले. पेटीचे चार स्क्रू काढले, आत बघितलं आणि एवढंच म्हणाले, “अर्थिंग इल्ल री.” म्हणजे अर्थिंगच नाही. आत एक लाल दिवा, निळ्या बिस्किटासारखा एक चपटा पार्ट आणि तीन पिनांचं सॉकेट. अर्थची हिरवी तार मधेच कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. तो निळा पार्ट व्होल्टेजचा अचानक झटका आला तर तो झेलण्यासाठी असतो, हमिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. टेपची गुंडाळी मात्र अगदी सफाईदार होती. ती बघून मला जास्त वाईट वाटलं, कारण हात कामाचा होता.

मग हमिंग थांबली कशी? आमचं मूळ घर जुनं, ही खोली मागाहून बांधलेली. तिला अर्थिंगचा खड्डा वेगळा काढला आणि दोन्ही अर्थ एकमेकांना जोडायचे राहून गेले. लॅपटॉपचा चार्जर जुन्या लाइनवर, अ‍ॅम्प्लिफायर नव्यावर. अण्णांनी दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये मल्टिमीटर धरला तर 3 व्होल्टच्या वर दाखवत होता. हा फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो आणि गाण्यात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. पेटीनं अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थच तोडला, लूप तुटला, आवाज गेला. पण धातूचं अंग असलेल्या यंत्राला अर्थ हवाच. आत एखादी फेजची तार सुटून अंगाला टेकली असती तर एमसीबी पडला नसता आणि फडकं घेतलेल्या हाताला पूर्ण 230 व्होल्ट मिळाले असते. हमिंग घालवायला कुणी अर्थची पिन काढ म्हणाला, कापून देतो म्हणाला, की त्याला घराबाहेर काढा.

अण्णांनी दोन्ही अर्थ जाड तांब्याच्या तारेनं जोडले, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवला. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले. हमिंग गेली. मी माझा जुना, साधा अ‍ॅम्प्लिफायर काढून लावला, त्यातही नाही! म्हणजे मला 350 रुपयांचा बोर्ड आणि अण्णांची मजुरी एवढंच लागत होतं.

मग ‘फुल बॅलन्स्ड’ची पाळी. चार पिनांच्या सॉकेटमध्ये 1 आणि 2 डाव्या कानाचे प्लस-मायनस, 3 आणि 4 उजव्याचे. खऱ्या बॅलन्स्डमध्ये 2 आणि 4 स्वतंत्र असतात, त्यांच्यामागे वेगवेगळी सर्किटं असतात. वीज बंद करून, हेडफोन काढून मल्टिमीटर लावला तर 2 आणि 4 एकमेकांशी बीप, म्हणजे आतून जोडलेले, आणि यंत्राच्या अंगाशीही बीप. आत साधाच अ‍ॅम्प्लिफायर, फक्त सॉकेट वेगळं. तो फुकटचा अ‍ॅडॉप्टर आठवून मी डोक्याला हात लावला. साध्या जॅकमध्ये दोन्ही मायनस एकत्र येतात. खऱ्या बॅलन्स्ड आउटपुटला तसा अ‍ॅडॉप्टर लावला तर शॉर्ट होऊन यंत्र जळू शकतं. माझं महिनोन्‌महिने काही झालं नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आणि यंत्र खरं असतं तरी माझी हमिंग गेली नसती. बॅलन्स्ड हेडफोन आउटपुटचे फायदे आहेत. व्होल्टेज दुप्पट मिळतं, जड हेडफोनला ते उपयोगी पडतं, दोन्ही कानांची परतीची तार वेगळी राहते. पण इनपुटच्या केबलमध्ये मिसळून आलेली हमिंग त्याला गाण्यासारखीच दिसते, तो तीही मोठी करतो. ती वजा करण्याची ताकद बॅलन्स्ड इनपुटची, तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटची, आणि तीही पुरती मिळते आधीचं यंत्रही बॅलन्स्ड असेल तर.

दुकानात जाण्याआधी घरी एवढं करा: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर बहुतेक ग्राउंड लूप. तरीही राहिला तर इनपुटची केबल उपसा. मग गेला तर दोष त्या बाजूला, नाही गेला तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये.

पेटी घेऊन दुकानात गेलो. “पक्कं बिल दाखवा,” म्हणाला. नव्हतं. फोनवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी होत्या. त्या आणि पेटीच्या आतले फोटो जपून ठेवले आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर दाखवल्यावर पेटीचे 4,500 परत मिळाले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, माझी अजून आहे.

पैसे परत देताना तो सहज बोलून गेला, “काका, देवळात पण हीच पेटी दिलीया, त्यांची तक्रार नाही.” ते आमच्याच भजनी मंडळाचं देऊळ. मिक्सर त्या पेटीवर, आणि एकादशीला पोरं ओठ टेकवून माइकवर गातात. रविवारी अण्णांना घेऊन गेलो, आरती व्हायच्या आत स्क्रू काढले. तीच हिरवी तार, तशीच काळी टेप.

अण्णांनी पेटी तिथंच बाजूला काढली. त्या दिवशीची आरती आम्ही माइकशिवाय म्हटली.